मोबाईलवरचे शिक्षण : उगवण किती?

पेरणीआधी तुम्ही घरच्या सोयाबीनची उगवण तपासता. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळता, पाच-सहा दिवसांनी कोंब मोजता आणि मगच ते पेरायचे की आडतीवर न्यायचे ते ठरवता. सत्तर उगवले तर एकरी तीस किलो बियाणे. साठच उगवले तर पस्तीस किलो. त्याहून कमी असेल तर ते बियाणे म्हणून वापरूच नका, असे आम्ही विस्तारातली माणसे दरवर्षी मे महिन्यात घसा कोरडा होईपर्यंत सांगत असतो.

आज मात्र दुसऱ्याच एका पेरणीबद्दल बोलायचे आहे. तुमचा मुलगा किंवा मुलगी तालुक्याच्या, जिल्ह्याच्या कॉलेजात शिकते आहे. तिच्या शिक्षणाचा बराच भाग आता मोबाईलवर आला आहे. धडा व्हिडिओवर, नोट्स व्हॉट्सअॅपवर, चाचणी ऑनलाइन. तुम्ही फी भरता, महिन्याचे रिचार्ज मारता, एखादी शेळी विकून नवा हँडसेट घेऊन देता. हे सगळे बियाणेच आहे. त्याची उगवण किती, हे आपण कधी तपासले का?

शेतीशाळा संपली, चहा झाला की हमखास कुणीतरी बाप जवळ येतो. "साहेब, पोरगं दिवसभर मोबाईलमध्ये डोकं घालून बसतंय. अभ्यास करतंय का आणखी काय, आपल्याला कसं कळायचं?" त्या प्रश्नासाठीच हा लेख लिहायला घेतला.

हे आता टळणारे नाही

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. ऑनलाइन शिक्षण हे कोरोनाबरोबर आले आणि कोरोनाबरोबर गेले, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्येच एका सत्रातले २० टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयम' या सरकारी ऑनलाइन व्यवस्थेतून शिकायला परवानगी दिली होती. २०२१ मध्ये ती मर्यादा ४० टक्के झाली. 'स्वयम'वर नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत, प्रमाणपत्र हवे असेल तर परीक्षेची फी भरावी लागते. कृषी पदवीच्या नव्या अभ्यासक्रमातही ऑनलाइन कोर्सला जागा आहे.

थोडे वर्गात, थोडे पडद्यावर, अशा शिक्षणाला मिश्र शिक्षण म्हणतात. आपल्याकडे मिश्र पीक असते, तसेच. पण मिश्र पीक म्हणजे तूर आणि सोयाबीन एका पोत्यात कालवून फेकणे नव्हे. कुठल्या ओळीत काय, किती अंतरावर, कुणी कुणाला सावली करायची, याचा हिशेब असतो. तो हिशेब चुकला की दोन्ही पिके जातात.

त्या मुलखात जन्मलेली पोरं

अमेरिकेतले मार्क प्रेन्स्की यांनी २००१ मध्ये एक लेख लिहिला. त्यांचे म्हणणे असे की आजची मुले 'डिजिटल नेटिव्ह' आहेत. म्हणजे कॉम्प्युटर आणि इंटरनेटच्या मुलखातच ती जन्मली, तीच त्यांची बोली. आपण बाकीचे सगळे बाहेरून त्या मुलखात गेलेले. हा शब्द जगभर पसरला. त्यातून एक गैरसमजही पसरला, की या मुलांच्या हाती मोबाईल दिला की ती आपोआप शिकतील, त्यांना कुणी काही सांगायची गरज नाही.

ऑस्ट्रेलियातल्या सू बेनेट आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या म्हणण्याचे पुरावे तपासले. सगळी पिढी एकसारखी तरबेज आहे, असे त्यांना दिसले नाही. एकाच वयाच्या मुलांत जमीन-अस्मानाचा फरक होता, आणि करमणुकीसाठी यंत्र वापरणे म्हणजे शिकण्यासाठी वापरणे नव्हे, हेही दिसले.

आपल्याला हे कळायला ऑस्ट्रेलियाला जायची गरज नाही. शेतकऱ्याच्या पोटी जन्मला म्हणून कुणाला पाभर धरता येत नाही. धरून, चुकून, बापाच्या शिव्या खाऊन ती यावी लागते. माझ्या ओळखीतला एक मुलगा पाच मिनिटांत गाणे लावून, चित्रे जोडून रील तयार करतो. तोच शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसला तेव्हा उत्पन्नाचा दाखला हव्या त्या आकारात कसा जोडायचा हे त्याला उमजेना. शेवटी पैसे देऊन सेवा केंद्रात भरून घेतला. मुलगा हुशार आहे. त्याला ते कुणी शिकवले नव्हते, इतकेच.

शंभरात तीन

आता उगवणीचा आकडा सांगतो. अमेरिकेतल्या हार्वर्ड आणि एमआयटी या दोन नामांकित विद्यापीठांनी जगातल्या कुणालाही घरबसल्या शिकता येतील असे कोर्स काढले. शिकवणारे उत्तम, व्हिडिओ उत्तम, नाव नोंदवायला पैसे नाहीत. २०१९ मध्ये एका अभ्यासात त्यांचा हिशेब प्रसिद्ध झाला. २०१७-१८ या वर्षात नाव नोंदवलेल्या शंभरांपैकी कोर्स पुरा केला जेमतेम तिघांनी.

शंभरात तीन! असे बियाणे कुणी तुमच्या गळ्यात मारले तर तुम्ही पंचायत समितीत येऊन तक्रार कराल.

आता न्यायाने बोलायचे तर शंभरातले बरेच जण नुसते डोकावायला आलेले असतात. ज्यांनी प्रमाणपत्रासाठी पैसे भरले होते, त्यांच्यात जवळपास निम्म्यांनी कोर्स पुरा केला. म्हणजे ज्याचे काही गुंतले आहे तो टिकतो. तरीही अर्धे गळतातच. बियाण्याला दोष द्यायला जागा नाही, कारण धडे चांगलेच होते. मग कमी कुठे पडले?

मी माझ्यावरून सांगतो. नोकरीला लागलो तेव्हा पहिली दोन वर्षे घडीपत्रिका वाटत फिरलो. बोंडअळीची, बीजप्रक्रियेची, ठिबकची. रजिस्टरला आकडा चढायचा, वरिष्ठ खूश. एकदा बाजारच्या दिवशी माझीच घडीपत्रिका भज्यांखाली दिसली. पत्रिकेतला मजकूर बरोबर होता. पण तो वाचून कुणी काय करायचे, कधी करायचे आणि केल्यावर कुणाला दाखवायचे, याची सोय मी केली नव्हती. ऑनलाइन धड्याचेही तेच होते. धडा पोचतो. विचारणारे कुणी नसते, वाट पाहणारे कुणी नसते, आणि चुकले तर सांगणारे कुणी नसते.

टेकडीवरचे कॉलेज

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि कॉलेजे बंद झाली. तो काळ तुम्हाला आठवत असेल. आमच्या भागात कितीतरी वस्त्यांवर रेंज नाही. पोरे सकाळी डबा घेऊन टेकडीवर जायची. एका गावात तर मारुतीच्या पाराजवळचा लिंब हेच कॉलेज होते. बुंध्याशी टेकून बसले की दोन कांड्या रेंज मिळे.

त्या काळात पंचनाम्याला फिरताना एक मुलगा मोटर चालू करायला विहिरीवर आलेला दिसला. शर्टाच्या खिशातून आवाज येत होता. विचारले तर म्हणाला, "लेक्चर चालू हाय सर. हजेरी लागती." कॅमेरा बंद, आवाज बंद, फोन खिशात, पाणी उसाला. बापाला वाटे पोरगा शिकतोय. कॉलेजला वाटे हजेरी शंभर टक्के. दोघेही आपापल्या जागी समाधानी. पोरगा मात्र कोरडाच राहिला. पुढे वर्ग भरू लागले, कागदावर परीक्षा झाली, तेव्हा दोन विषय राहिले. राग कुणावर काढायचा?

त्याला मी नावे ठेवत नाही, कारण माझीही तीच गत झाली होती. त्या खरिपात आम्हीही शेतीशाळा मोबाईलवर घेतली. साठेक शेतकरी जोडले गेले. मी पाऊण तास बीजप्रक्रियेवर बोललो. शेवटी विचारले, "काही शंका?" शांतता. पुन्हा विचारले, तर कुणाची तरी शेळी ओरडली. तेवढेच उत्तर! शेतावर बांधाला बसून मी बोलतो तेव्हा हीच माणसे मला अर्ध्यात अडवतात. माणसे तीच, विषय तोच. फरक एवढाच की पाऊण तासात मी त्यांना एकदाही काही करायला लावले नव्हते.

गोणपाटावरचा धडा

आता त्याच दिवसांतली दुसरी गोष्ट. आमच्या तालुक्यातली एक मुलगी कृषी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिच्या एका प्राध्यापकांनी मे महिन्यात तासभराचे व्याख्यान दिलेच नाही. सात-आठ मिनिटांची एक चित्रफीत पाठवली आणि खाली काम दिले : घरच्या किंवा शेजारच्या कणगीतले सोयाबीनचे शंभर दाणे घ्या. दहा-दहाच्या ओळीत ओल्या गोणपाटावर मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. कोंब मोजा, फोटो काढा, आकडा गटावर टाका. बियाणे कुणाचे, मळणी कशी केली, साठवण कशी होती, ते घरात विचारून लिहा.

आठवड्याने सगळ्यांचे आकडे आले. कुणाचे चौऱ्याऐंशी, कुणाचे सत्तर, आमच्या या मुलीचे बावन्न. मग प्राध्यापकांनी ऑनलाइन वर्ग घेतला आणि एकच प्रश्न टाकला, "बावन्न का?" पोरे बोलू लागली. मळणी यंत्राचे फेरे जास्त होते का? पोती थप्पी मारून ठेवली होती का? काढणीच्या वेळी शेंगा पावसात भिजल्या होत्या का? सोयाबीनच्या दाण्याचे कवच किती नाजूक असते, हे त्या दिवशी पोरांना पुस्तकाविना कळले. वर्ग तासभर चालला आणि कुणी फोन खिशात घातला नाही, कारण प्रत्येकाच्या घरचे बियाणे पणाला लागले होते.

त्या मुलीच्या वडिलांनी आधी हसण्यावारी नेले. मग स्वतः दुसऱ्या पोत्यातले शंभर दाणे मांडले. तिथेही पन्नाशीच्या पुढे आकडा जाईना. त्यांनी ते सोयाबीन विकले आणि पेरायला दुसरे आणून त्याचीही उगवण तपासली. त्या वर्षी, २०२० च्या खरिपात, मराठवाड्यात आणि इतरत्रही सोयाबीन उगवले नाही म्हणून किती ओरड झाली, किती जणांना दुबार पेरणी करावी लागली, हे तुम्हाला सांगायला नको. त्या घरावर ती वेळ आली नाही.

तोच मोबाईल, तीच रेंज. एका ठिकाणी फोन खिशात राहिला, दुसऱ्या ठिकाणी त्याने घरचे बियाणे वाचवले. मधला फरक नीट पाहा. धडा छोटा होता. धड्यानंतर हाताला काम होते. कामाचा आकडा दुसऱ्याला दाखवायचा होता. आणि त्या आकड्यावर बोलायला माणसे जमली होती.

धडा छोटा असावा हे नुसते माझे मत नाही. अमेरिकेत २०१४ मध्ये व्हिडिओ पाहण्याच्या ६९ लाख नोंदी तपासल्या गेल्या. सहा मिनिटांपर्यंतचा व्हिडिओ मुले लक्ष देऊन पाहतात, त्यापुढे लक्ष उडते, असे त्यात दिसले. तिथल्याच शिक्षण खात्याने २०१० मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला होता. नुसत्या वर्गापेक्षा वर्ग आणि ऑनलाइन असे मिश्र शिक्षण सरस ठरले. पण त्या मिश्र वर्गांत मुलांना वेळ आणि साहित्यही जास्त मिळाले होते, हे त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले. म्हणजे मिश्र शिक्षण हे शिक्षकाचे काम वाचवण्याची युक्ती नव्हे. त्यात काम वाढते.

आपल्याच मुलखातला प्रयोग

हे सगळे परदेशी वाटत असेल, तर १९५६ सालातली गोष्ट ऐका. युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने त्या वेळच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांत, दीडशे गावांत, शेतकऱ्यांची श्रवण मंडळे काढली. दहा आठवडे, आठवड्याला दोन, असे वीस कार्यक्रम झाले. गावातली वीसेक माणसे एका रेडिओभोवती बसायची, अर्धा तास ऐकायची. खरे काम रेडिओ बंद केल्यावर सुरू व्हायचे. ऐकलेल्यावर चर्चा. आपल्या गावात हे जमेल का, नाही तर का नाही? मंडळाचा निमंत्रक प्रश्न लिहून केंद्राकडे पाठवी आणि त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांतून मिळत.

टाटा समाजविज्ञान संस्थेने पॉल न्यूराथ यांच्या मार्गदर्शनाखाली याची पाहणी केली. ज्या गावांत मंडळ होते त्यांची तुलना दोन प्रकारच्या गावांशी केली. काही गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते, काही गावांत रेडिओच नव्हता. मंडळ असलेल्या गावांत लोकांची माहिती चांगलीच वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत त्या मानाने फारच थोडी वाढली. १९५९ पासून ही मंडळे देशभर काढण्यात आली. ऐका, चर्चा करा, कृती करा, असे त्यांचे सूत्र होते.

रेडिओच्या जागी मोबाईल ठेवा. सूत्र जसेच्या तसे लागू पडते. आज आपल्या पोरांकडे ऐकण्याची सोय आजोबांच्या शंभरपट आहे. चर्चा आणि कृती या दोन गोष्टी मात्र गळून गेल्या. त्या परत जोडणे हे एकट्या कॉलेजचे काम नाही, कारण पोरगा दिवसातला मोठा वेळ गावात असतो.

फोन कुणाच्या हातात?

इथे एक कडू गोष्ट सांगणे भाग आहे. 'असर'च्या २०२३ च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना विचारले गेले. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी सुमारे ४४ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये हे प्रमाण सुमारे २० टक्के होते. फोन बहुतेक घरांत आहे. पण तो दादाचा आहे, नाहीतर अण्णांचा.

२०२१ मध्ये एका घरी नुकसानीच्या पाहणीला गेलो होतो. थोरली मुलगी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. घरात फोन एक, तो भावाकडे. भाऊ रात्री झोपला की ती मुलगी त्या दिवसाचे तास रेकॉर्डिंगवर पाही. दिवसा हजेरी लागत नसे म्हणून नाव कटायची वेळ आली होती. वडील म्हणाले, "कॉलेज बंदच आहे जणू. घरी बसून काय करणार? एक स्थळ आलंय." मुलीचे वय भरलेले होते, कायद्याने काही चूक नव्हती. मी पंचनामा लिहिला, चहा घेतला, उठून आलो. त्या माणसाला मी खताची मात्रा सांगितली. मुलीच्या फोनबद्दल एक शब्द बोललो नाही. पुढच्या महिन्यात लग्न झाले. ती पदवी राहिली ती राहिलीच. ऑनलाइन शिक्षणाच्या गोष्टी मी ज्या ज्या वेळी कुठे बोलतो, त्या त्या वेळी तो चहा आठवतो.

म्हणून बापांना आणि भावांना सांगणे आहे. घरात फोन एकच असेल तर मुलीच्या अभ्यासाचे तास ठरवून द्या आणि ते पाळा. विहिरीच्या पाण्याची पाळी आपण घड्याळ लावून पाळतो. दोन भावांत त्यावरून भांडण नको म्हणून कागद करतो. मुलीच्या फोनची पाळीही तशीच ठरू द्या.

कृषिदूत आणि कृषिकन्या आल्या की

कृषी महाविद्यालयांची शेवटच्या वर्षाची मुले ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी गावात येतात. मुलांना आपण कृषिदूत म्हणतो, मुलींना कृषिकन्या. टोप्या घालतात, बीजप्रक्रिया दाखवतात, फोटो काढतात, दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी. त्यात वाईट काही नाही. पण फोटोवरच गाडी थांबली तर तो खिशातल्या लेक्चरचाच प्रकार झाला.

या मुलांनी मोबाईलवर पुष्कळ पाहिलेले असते. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी ओळखायची कशी, हे विचारा. पटकन सांगतील : डोक्यावर इंग्रजी वाय अक्षर उलटे, शेपटीकडच्या एका भागावर चौकोनात चार ठिपके. बरोबर आहे. व्हिडिओत ती खूण मोठी करून दिसते, पुन्हा पुन्हा पाहता येते. हे काम फोन माझ्यापेक्षा चांगले करतो. पण शेतात अळी ठिपके दाखवत समोर येत नाही. ती पोंग्यात, आपल्याच विष्ठेच्या भुश्याखाली दडलेली असते. पाने बाजूला करून, बोट घालून ती काढावी लागते. ते बोट घालणे फक्त तुमच्या शेतात शिकता येते.

तेव्हा यजमान शेतकऱ्यांनो, त्यांना नुसता चहा पाजून पाठवू नका. त्यांना प्रश्न विचारा. "कपाशीत कामगंध सापळे हेक्टरी पाच लावायचे, हे पाठ आहे ना? मग लाव. आठ दिवस रोज सकाळी येऊन पतंग मोज." सलग तीन दिवस सापळ्यात रोज आठ-आठ पतंग आले तर काय करायचे, हे त्याने तुम्हाला सांगितले पाहिजे. आणि डोमकळी कशी दिसते, हे तुम्ही त्याला दाखवले पाहिजे. तो आकडे मोबाईलवर आपल्या गटात टाकील, त्याचे सर तिथे पाहतील. याहून चांगले मिश्र शिक्षण कुठल्या विद्यापीठात मिळणार?

गावाने काय करावे?

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, शाळेचे गुरुजी आणि पालक या सगळ्यांसाठी काही सोप्या गोष्टी सुचवतो. फार खर्चाची यात एकही नाही.

१. संध्याकाळचे दोन तास ग्रामपंचायतीची किंवा शाळेची एक खोली अभ्यासिका म्हणून उघडी ठेवा. लांब टेबल, दिवा, चार्जिंगचे बोर्ड, पिण्याचे पाणी. ज्या ग्रामपंचायतीत भारतनेटची जोडणी चालू आहे, तिथे ती कपाटामागे धूळ खात न ठेवता पोरांना वापरू द्या. ग्रामसभेत तसा ठराव घ्या.

२. मुलींसाठी वेळ वेगळी आणि उजेडातली ठेवा. एखादी अंगणवाडी ताई किंवा बचत गटातली बाई तिथे बसेल असे पाहा. मुली आल्या नाहीत तर "त्या येतच नाहीत" असे म्हणून खोली बंद करू नका, घरी जाऊन विचारा.

३. महिन्यातून एक दिवस कॉलेजातल्या पोरांनी गावासमोर धडा सांगावा. जो जे शिकतो ते. वाणिज्य शाखेच्या पोराने बँकेच्या व्याजाचा हिशेब मांडावा, विज्ञानाच्या पोरीने माती परीक्षणाचा कागद वाचून दाखवावा. सांगायचे आहे म्हटले की पोरे आपोआप समजून घेतात.

४. पालकांनी मोबाईल हिसकावून घेऊ नये, आणि नुसता देऊन मोकळेही होऊ नये. आठवड्यातून एकदा जेवताना विचारा, "या आठवड्यात काय शिकलास, मला दाखव." तुम्ही शिकलेले नसाल तरी हरकत नाही. न शिकलेल्या आईला समजेल असे सांगता आले म्हणजे पोराला ते आले, असे समजा.

५. पोरगा ऑनलाइन कोर्सला नाव घालतो म्हणाला तर एकदम तीन-चार कोर्स नकोत. एकच, आणि सोबत एक मित्र हवा. दोघे मिळून केलेला कोर्स सहसा सुटत नाही. बैलजोडीचेही तेच असते.

६. कॉलेजच्या पालक सभेला जा. तिथे हजेरीचा आकडा विचारू नका. "माझ्या पोराला करायला काय काम दिलं? ते तपासलं कुणी?" एवढे दोन प्रश्न विचारा. दहा बापांनी हे विचारले तर तासभराची रटाळ चित्रफीत आपोआप सात मिनिटांची होईल.

शेवटी

मी स्वतः कृषी पदविका केली तेव्हा हाती साधा बटनांचा फोन होता. सकाळी सहाला प्रक्षेत्रावर हजेरी असायची. दवाने पाय भिजायचे, तण ओळखायला उशीर झाला तर सर खुरपे हातात द्यायचे. आजच्या पोरांना मिळते त्याच्या दहावा हिस्सा माहितीही आम्हाला मिळाली नसेल. पण जे मिळाले त्याला रोज कुणीतरी विचारणारे होते. आजच्या पोरांना दोन्ही मिळू शकते, ही आनंदाची बाब आहे. फक्त विचारणारा माणूस मोबाईलच्या आत सापडत नाही. तो घरात, गावात आणि कॉलेजात असावा लागतो.

म्हणून या आठवड्यात एक काम करा. तुमच्या मुलाने किंवा मुलीने मोबाईलवर शिकलेली एक गोष्ट तिला हाताने करून दाखवायला सांगा. शेतातली असो, हिशेबाची असो, इंग्रजी पत्राची असो. दाखवता आली तर पाठ थोपटा. नाही आली तर रागावू नका. उगवण कमी आहे, एवढेच समजा. आपण शेतकरी आहोत. उगवण कमी निघाली म्हणून आपण शेत विकत नाही. बियाणे बदलतो, ओल पाहतो आणि पुन्हा पेरतो.